पायाला न लागणारी जमीन

जाखडीच्या नाचात गडी ओळखायचा तो पायावरून. तोंडं काय, घामाने सगळ्यांची सारखीच दिसतात. पण आठ-दहा जणांचं रिंगण फिरायला लागलं आणि मधे बसलेल्या मृदंगावर थाप पडली, की कुणाच्या पायातला घुंगरांचा चाळ थापेबरोबर वाजतो आणि कुणाचा मागून फरफटत येतो, हे लगेच कळतं. शिवा गोताडचा पाय थापेच्या आधी पडत नसे नि नंतरही पडत नसे. संगमेश्वराकडच्या त्याच्या वाडीत लोक थट्टेने म्हणायचे, मृदंगवाला शिवाचा पाय बघून वाजवतो.

वर्षातले अकरा महिने मात्र हा पाय भाईंदर पूर्वेला, स्टीलच्या भांड्यांच्या एका गाळ्यात पॉलिशच्या मशीनपुढे उभा असायचा. थाळ्या मळकट यायच्या आणि आपलं तोंड दिसेल इतक्या लख्ख होऊन जायच्या. त्यांचा सगळा काळेपणा शिवाच्या अंगावर उतरायचा. संध्याकाळी सिल्व्हर पार्कच्या मागच्या चार मजली बिल्डिंगमधल्या घरी तो परतायचा तेव्हा डोळे तेवढे पांढरे दिसायचे. शेजाऱ्यांशी तो हिंदीत बोलायचा, शेठशी मोडक्यातोडक्या गुजरातीत, आणि स्वतःशी बोलायचा तेव्हा वाडीचं बोलायचा. बायको शेवंती एका डबेवालीकडे पोळ्या लाटायला जायची. मुलगी समिधा अकरावीत होती. घर बरं चाललं होतं. पण शिवाला कुणी विचारलं असतं की बाबा, तू राहतोस कुठे, तर त्याला उत्तर द्यायला क्षणभर लागलं असतं. तो राहायचा तो गणपतीच्या पाच दिवसांच्या अलीकडे किंवा पलीकडे.

वाडीची माणसं मीरा-भाईंदरभर विखुरलेली होती. आषाढ सरत आला की रविवारी दुपारी सगळी नवघरला लवूच्या गच्चीवर तालमीला जमायची. लवू हा शिवाचा चुलतभाऊ, आणि जाखडीचा बुवा, म्हणजे रिंगणाच्या मधे बसून गाणारा. दोघांचं गावचं अंगण एकच. दोन हजार सहाच्या श्रावणात अशाच एका रविवारी पावसाने उघडीप दिली आणि ऊन असं पडलं की गच्चीची लादी तव्यासारखी तापली. गडी एकेक करून पाय उचलायला लागले. कुणी सावलीत पळाला, कुणी पोतं भिजवून अंथरलं. शिवा नाचत राहिला. लवूने गाणं थांबवलं नाही. पोरांकडे बघत तो म्हणाला, "बघा रे, जाखडी ह्याला म्हणतात. तुमचे पाय लोण्याचे."

शिवाला फार बरं वाटलं. रात्री तो मांडी घालून जेवायला बसला तेव्हा शेवंतीचं लक्ष त्याच्या तळव्याकडे गेलं. दोन्ही तळव्यांना पैशाएवढाले फोड आले होते आणि एक फुटून पाटाला ओल लागली होती.

"अवो, ह्ये काय झालंय?"

शिवाने वाकून पाहिलं. आपल्याच पायाकडे तो दुसऱ्याचा पाय बघावा तसा बघत होता. दुखत कसं नाही, असं शेवंतीने विचारलं. तेव्हा कुठे त्यालाही ते नवल वाटलं.

सिल्व्हर पार्कच्या नाक्यावर डॉक्टर सुचेतांचा दवाखाना होता. गाळ्यात मागे एकदा तपासणीवाले आले होते आणि साखर जास्त आहे असं सांगून गेले होते, हे शिवाने त्यांना सांगितलं, पण एखाद्या लांबच्या नातेवाइकाची गोष्ट सांगावी तसं. डॉक्टरांनी त्याला डोळे मिटायला लावले, हातात मासे पकडायच्या दोऱ्यासारखा एक ताठ धागा घेतला आणि तळव्याला टोचेल तिथे सांगा म्हणाल्या. शिवा डोळे मिटून शहाण्या मुलासारखा वाट बघत बसला. बराच वेळ गेला.

"मॅडम, करा ना सुरू," तो म्हणाला.

"करून झालं," डॉक्टर म्हणाल्या.

शेवंतीने पदर तोंडाला लावला. रक्त दिलं, रिपोर्ट आला. तीन महिन्यांची साखर म्हणून एक आकडा असतो, तो सात-आठ नव्हे, साडेदहाच्या घरात होता. डॉक्टरांनी दोन गोळ्या लिहून दिल्या, एक छोटी जेवणाआधीची, एक मोठी जेवणानंतरची. यंदा नाचायचं नाही, अनवाणी घरातसुद्धा फिरायचं नाही, असं बजावलं. पुढच्या वर्षीचं काय, हा एकच प्रश्न शिवाने विचारला. त्या म्हणाल्या, आधी फोड भरू देत, आकडा साताच्या खाली येऊ दे, मग बघू.

'मग बघू' हे डॉक्टरमंडळी दिवसातून कितीदा म्हणत असतील. शिवाने ते वचन म्हणून गाठीला बांधलं. त्या वर्षी गणपतीत तो पडवीत पायाला पट्टी बांधून बसला. रिंगण अंगणात फिरत होतं आणि तो मांडीवर बोटांनी ताल धरत होता. येणारा-जाणारा विचारायचा, काय शिवा, नाचत नाय? तो सगळ्यांना एकच सांगायचा, पुढल्या साली.

परत आल्यावर त्याने गोळ्या मनापासून सुरू केल्या. फोड भरले. पण दिवाळी तोंडावर आली, गाळ्यात ऑर्डरी साचल्या, आणि दुपारचं जेवण कधी तीनला, कधी चारला जाऊ लागलं. छोटी गोळी मात्र तो नेमाने बाराच्या भोंग्याला घ्यायचा. वेळ म्हणजे वेळ. एका दुपारी मशीनपुढे उभा असताना त्याचे हात थरथरायला लागले, घाम फुटला, डोळ्यांपुढे काजवे नाचले आणि हातातली थाळी निसटून भिंतीवर जाऊन आदळली. शेजारच्या मशीनवरच्या भय्याने त्याला पोत्यावर बसवलं. "चाय पियो चाचा, मीठी है," म्हणत त्याने पेला तोंडाला लावला. दोन घोटांत शिवा माणसात आला.

त्यावरून त्याने जो निष्कर्ष काढला तो साधा होता: गोळी माणसाला खाते आणि साखर माणसाला उठवते. त्याने गोळ्या बंद केल्या. घरात सांगितलं नाही. सांगितलं असतं तर शेवंतीने त्याला दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात नेऊन बसवलं असतं, हे तो जाणून होता.

त्यातच दिवाळीला गावी गेलेला लवू येताना बिवळ्याच्या लाकडाचा पेला घेऊन आला. रात्री पाणी भरून ठेवायचं आणि सकाळी अनशापोटी प्यायचं, की साखर पळते, असं सगळं कोकण मानतं. लवूने पेला हातात देताना सांगितलं, हा वरच्या रानातला बिवळा आहे, आपल्या काकाने तोडलेला. एवढं पुरे होतं. सकाळी ते तांबूस, तुरट पाणी पिताना शिवा डोळे मिटून घ्यायचा. गोळी कुठल्या कारखान्यातून आली कुणास ठाऊक, पण हे लाकूड ज्या पावसात वाढलं तो पाऊस त्याच्या ओळखीचा होता. पेल्याला नाक लावलं की रान यायचं. औषध म्हणून तो ते पाणी प्यायचा हे खरं, पण औषध नसतं तरी प्यायला असता.

पुढच्या तपासणीच्या आधीचे दोन दिवस त्याने भात सोडला, चहा सोडला, उकडलेल्या दुधीवर राहिला, आणि तपासणीच्या पहाटे बेव्हर्ली पार्कपर्यंत भराभर चालून आला. समिधाने रिपोर्ट वाचला. उपाशीपोटीची साखर अगदी बरी होती. शिवाने शेवंतीकडे असं पाहिलं, की जणू तो परीक्षेत पहिला आला. मग समिधाचं बोट खाली सरकलं. तीन महिन्यांचा आकडा आधीपेक्षा वाढला होता.

"लॅबवाल्याची चूक असंल," शिवा म्हणाला.

डॉक्टर सुचेतांनी कागद बघितला, शिवाकडे बघितलं, आणि विचारलं, गोळ्या कधीपासून बंद केल्यात? शेवंती चकित होऊन नवऱ्याकडे बघत राहिली. "कळलं कसं तुम्हाला?" शिवा म्हणाला.

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि सांगितलं, की उपाशीपोटीची साखर म्हणजे पाहुणे यायच्या आधी आवरलेलं घर. दोन दिवस मेहनत केली की कुणाचंही घर नीट दिसतं. पण रक्तातल्या लाल पेशी तीन-चार महिने जगतात, आणि त्या काळात त्यांच्या अंगाला जी साखर चिकटते ती धुऊन जात नाही. जुन्या पेशी जातील, नव्या येतील, तेव्हाच आकडा हलेल. "तो आकडा म्हणजे शेजारीण आहे, शिवाजीराव. घर आवरलेलं असो नसो, तिला सगळं माहीत असतं."

"माझं नाव नुसतं शिवा," तो पुटपुटला. समिधाला हसू आवरेना, मग शेवंतीलाही, आणि त्या हसण्यात शिवाने ते थरथरणं, ती थाळी, तो चहा आणि पेला, सगळं सांगून टाकलं. डॉक्टर म्हणाल्या, त्या दिवशी चूक गोळीची नव्हती, भोंग्याची होती. ती गोळी घास समोर आल्यावरच घ्यायची. जेवण लांबलं तर गोळीही लांबली. पुन्हा तसं झालं तर लगेच गोड काहीतरी तोंडात टाकायचं, म्हणून खिशात खडीसाखरेची पुडी ठेवायची. आणि पेला ठेवा फडताळात, पण गोळीच्या जागी पेला चालायचा नाही.

मग खरं वर्ष सुरू झालं. शेवंतीने छोटी गोळी डब्याच्या झाकणाखाली ठेवायला सुरुवात केली. झाकण उघडल्याशिवाय गोळी नाही, आणि झाकण उघडलं म्हणजे जेवण आलंच. चहातली साखर गेली. सगळ्यात अवघड गेला तो भात. सकाळी पेज, दुपारी भात, रात्री भात, यावर वाढलेला माणूस तो. भाताऐवजी ताटात नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी आली. भात फक्त रात्रीचा, आणि तोही आमटीच्या वाटीने मोजून. लवू एकदा जेवायला आला होता. तो ताट बघून म्हणाला, "भाताबिगर जेवण म्हणजे देवाबिगर देव्हारा. काय शेवंती, उपाशी मारतेस काय माझ्या गड्याला?" तिने त्याला भाकरीच वाढली आणि म्हणाली, "तुमचा गडी उभा ऱ्हायला पाहिजे ना, भाऊजी?"

पुढून रुंद असे कापडी बूट घेतले. शिवाला चपलेची सवय होती, बुटांत पाय कोंडल्यासारखा वाटायचा, म्हणजे तसं वाटतंय असं डोक्याला वाटायचं. पायाला काहीच वाटत नव्हतं. संध्याकाळी आंघोळ करून तो चालायला निघायचा. सिल्व्हर पार्कवरून बेव्हर्ली पार्क, तिथून खाडीच्या अंगाला, जिथे बिल्डिंगा संपत आणि मिठागरांवरचा वारा लागे. मनात मृदंग वाजायचा. कधी कधी रस्त्यातच त्याचा पाय एक ठेका जास्त घ्यायचा, आणि नया नगरकडून येणारी माणसं ह्या काळ्यासावळ्या प्रौढ माणसाकडे वळून बघायची.

रात्री तळवे बघायचे, हा डॉक्टरांचा हुकूम होता. लागलं तरी कळत नाही, म्हणून डोळ्यांनी बघायचं. त्यासाठी त्याने गाळ्यातून एक चरा पडलेली थाळी आणली होती, स्वतःच्या हाताने लख्ख केलेली. शेवंती ती त्याच्या पायाखाली धरायची आणि तो वाकून त्यात स्वतःचे तळवे बघायचा. लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली होती. एवढं एकमेकांजवळ रोज बसणं त्यांच्या वाट्याला आधी कधी आलं नव्हतं.

आकडा हळूहळू उतरला. उन्हाळ्याच्या सुरुवातीला नऊच्या जवळ होता. लग्नसराईत शिवाचं जिभेवरचं बंधन सुटलं, मोठी गोळी संपून आठवडाभर आणायची राहिली, आणि पुढच्या खेपेला आकडा जिथल्या तिथे थबकला. मग पुन्हा सरकला. आषाढात साताच्या खाली आला. समिधाने तो आकडा दोनदा वाचला आणि बापाला कागद बघायला दिला. त्याला त्यातलं तेवढंच वाचता येत होतं.

शिवा एकटाच डॉक्टरांकडे गेला. कामावरून लवकर सुटून, तोंड धुऊन, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांनी शाबासकी दिली. पुन्हा तो धागा घेतला. शिवाने डोळे मिटले, आणि या वेळी तो घाई करा म्हणाला नाही. ऐकत राहावं तसा तो तळव्याकडे कान लावून बसला. काही आलं नाही.

"मॅडम, आकडा तर खाली आला," तो म्हणाला. "मग जमीन कधी लागणार?"

डॉक्टर सुचेतांनी धागा खाली ठेवला. "साखर आटोक्यात राहिली तर पुढचं नुकसान थांबेल, शिवाभाऊ. गेलेलं परत येईल असं मी सांगू शकत नाही. बहुतेक नाही येणार."

"मग ह्या सगळ्याचा उपयोग?"

"उपयोग एवढाच, की पुढच्या वर्षीही हे विचारायला तुम्ही स्वतःच्या पायांनी चालत याल."

नाचायचं तर बूट घालून नाचा, असं त्यांनी सांगितलं. अनवाणी नाही. अंगणात काटा रुतला, खडा घुसला, तर कळायच्या आत पाय सडेल. शिवा बरं म्हणाला आणि बाहेर पडला. देवापुढच्या अंगणात पायताण घालून कुणी पाऊल टाकत नाही, हे त्यांना सांगून काय उपयोग होता?

लवूला त्याने सांगितलं तेव्हा लवूने हात झटकला. एक दिवसाचा तर प्रश्न, देव राखील. तू नाय तर रिंगण कसलं? शेवंती शेगडी पुसत होती. ती वळून म्हणाली, "मी काय बोलणार नाय. पाय तुमचा हाय. पण मग रात्री थाळी धरायला मला बोलवू नका."

गणपतीच्या आदल्या दिवशी वाडीची माणसं एका गाडीने गावी उतरली. शिवाने काय ठरवलंय ते कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यालाही नसावं. दुसऱ्या दिवशी सकाळी, शेवंती विहिरीवर गेली असताना, त्याने पडवीत बूट काढले, मोजे काढले, आणि अंगणात उतरला. आदल्याच दिवशी सारवलेलं अंगण होतं. ओलसर, थंड, मधेच बोटांना शेणाची खरखर लागणारी ही जमीन त्याला पाठ होती. मशीनपुढे उभं राहून त्याने वर्षानुवर्षं तिचीच आठवण काढली होती, आणि का कुणास ठाऊक, त्याच्या मनात पक्कं होतं की भाईंदरच्या लादीचं सोडा, ही जमीन पायाला ओळख देईल.

तो उभा राहिला. एक पाय उचलून ठेवला. दुसरा ठेवला. कापसावर उभं राहिल्यासारखं होतं. डोळ्यांना जमीन दिसत होती, नाकाला शेणाचा वास येत होता, पानांवरून ठिबकणारं पाणी कानांना ऐकू येत होतं. फक्त पायांना ती लागत नव्हती. शेवंती घागर घेऊन परतली तेव्हा तो पायरीवर बसून तळवे पुसत होता. तिने घागर ठेवली, वाकून त्याचे दोन्ही तळवे पाहिले, आणि मोजे त्याच्या हातात दिले. त्याने ते चढवले.

गौरीच्या दिवशी दुपारी जाखडी त्यांच्या अंगणात आली. घरोघरची माणसं पडवीत दाटली. लवू मधे बसला, मृदंगवाला बसला, गडी उभे राहिले. शिवा अंगणाबाहेर होता, जांभ्या दगडाच्या गडग्यापलीकडे, जिथून पाणंद जाते. तिथे पायताण चालतं. त्याने बुटावरून उजव्या पायात चाळ बांधला होता.

लवूने त्याला पाहिलं. हाक मारली नाही. रिंगण उभं राहताना एक गडी सरकून मधली मोकळी जागा भरायला लागला, तेव्हा लवू म्हणाला, "ऱ्हाऊ दे तशीच. ती जागा शिवाची हाय."

गण सुरू झाला. रिंगण फिरायला लागलं, आणि त्याच्याबरोबर ती मोकळी जागाही फिरायला लागली. दोन गड्यांच्या मधली, एका माणसाएवढी. ती गणपतीच्या समोरून गेली, पडवीजवळून गेली, तुळशीला वळसा घालून आली. पाणंदीत, गडग्याच्या पलीकडे, शिवा तिच्या वेगाने नाचत होता. पाय कुठे पडतोय हे त्याला कळत नव्हतं, म्हणून तो चाळ ऐकत होता. जागा गडग्याच्या जवळ आली की तो आणि ती समोरासमोर यायचे, मधे फक्त कमरेएवढे दगड. मग ती पुढे जायची, आणि तो ती परत यायची वाट बघत नाचत राहायचा.